आयुष्यसमाप्ती शुल्क

बिबवेवाडी, पुणे
६ नोव्हेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, अत्तार ऑटो, बिबवेवाडी

महोदय किंवा महोदया (बिलावरच्या सहीवरून काही कळत नाही),

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर आपल्या दुकानातून मी एक स्कूटर विकत घेतली. गाडी चांगली आहे. आपण हार घातलात, पेढा दिलात, फोटो काढलात. यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही. पेढ्याबद्दल थोडी आहे, पण ती पुन्हा केव्हातरी.

तक्रार बिलाबद्दल आहे. मी एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात एकोणचाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळत असे. आता बिनपगारी काढतो. आपल्या बिलावर पुढील मजकूर याच क्रमाने छापला आहे :

ग्राहक : श्री. रावसाहेब निगडे
वय : ७६
आयुष्यसमाप्ती शुल्क : रु. २५०
वारस : सौ. द्वारका रावसाहेब निगडे

हा मजकूर माझ्या पत्नीने फराळाच्या ताटासमोर मोठ्याने वाचला. 'वारस' या शब्दाशी ती थांबली. मग तिने बिलाची घडी घातली, गाडीची किल्ली उचलली, लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली. म्हणाली, "दुकानदाराला दोन मिनिटांत कळलं ते तुम्हाला शहात्तर वर्षांत कळलं नाही."

त्या दिवसापासून गाडी जिन्याखाली हार घालून उभी आहे. हार वाळला.

तर हे शुल्क कसलं? कोणत्या कायद्याखाली? आणि माझं आयुष्य संपवायला अडीचशे रुपये पुरतात, हा अंदाज कुणाचा? मला किल्ली परत हवी आहे आणि ती आपल्या लेखी खुलाशाशिवाय मिळणार नाही. कृपया फोन करू नये. फोनवर केलेल्या चुका लाल शाईने दुरुस्त करता येत नाहीत.

कळावे,
रावसाहेब निगडे

सोबत : मूळ बिल, दुरुस्त्यांसह. एकूण चुका सतरा.


अत्तार ऑटो
८ नोव्हेंबर २०२४

माननीय निगडे साहेब,

सही माझी आहे आणि मी महोदया आहे. दुकान माझ्या वडिलांचं, बिलं माझ्याकडे.

मनापासून माफी मागते. आमची बिलं इंग्रजीत निघायची. ग्राहकाला मराठीत बिल मिळालं पाहिजे, हा हट्ट माझा. मी सॉफ्टवेअरला भाषांतर करायला सांगितलं. टायर झिजून कामातून गेला की त्याला इंग्रजीत 'एंड ऑफ लाइफ' टायर म्हणतात. सॉफ्टवेअरने टायर गाळला आणि आयुष्य तेवढं ठेवलं. पाडव्याला आमच्याकडून चौसष्ट गाड्या गेल्या. त्रेसष्ट लोकांनी हे वाचलंच नाही.

शुल्काबद्दल सांगते. हा सरकारी कर नाही. जुन्या टायरची जबाबदारी मुळात टायर बनवणाऱ्यांची, पण आमच्या वर्कशॉपमागे साठलेला ढीग उचलायला त्यांचं कुणी येत नाही. ते टायर पुनर्वापराच्या कारखान्यात पाठवायला टेम्पो लागतो. म्हणून नवीन गाडी विकताना आम्ही ही रक्कम घेतो. ती ऐच्छिक आहे, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पाडव्याच्या गर्दीत राहिलं. तुमचे अडीचशे रुपये केव्हाही परत घेऊन जा.

वारसाचं नाव विम्यासाठी लागतं, म्हणून ते बिलावर असतं. दुरुस्त बिल सोबत जोडते. काकूंना दाखवा, म्हणजे किल्ली मिळेल.

आपली नम्र,
मिसबा अत्तार


बिबवेवाडी
११ नोव्हेंबर २०२४

कु. मिसबा अत्तार यांस,

दुरुस्त बिल मिळालं. आपण 'आयुष्यसमाप्ती शुल्क' काढून तिथे 'अंतिम प्रवास शुल्क' घातलं आहे.

आधी 'टायरचा' असा शब्द असणार आणि रकाना अरुंद असल्यामुळे तो छापताना कापला गेला असणार, हे मला दिसतं. मी या धंद्यात आयुष्य काढलं आहे. माझ्या पत्नीने नाही. तिने वाचलं, "वय शहात्तर, अंतिम प्रवास," आणि किल्ली कपाटातून काढून दुसरीकडे ठेवली. कुठे, ते मला सांगितलेलं नाही. काल मी साखरेचा डबा तपासताना सापडलो.

पैसे परत नकोत. शब्द परत घ्या.

आणि एक शंका. माझे टायर आज नवे कोरे आहेत. झिजायला चार-पाच वर्षं जातील. बारशाच्या दिवशीच तेराव्याचे पैसे घ्यायची ही कुठली रीत? मधली पाच वर्षं ते पैसे कुठे राहणार? तोवर मी असेन का, आपण इथे असाल का, हे दुकान असेल का? याचं उत्तर नीट विचार करून द्यावं. घाई नाही. गाडी तशीही कुठे जात नाहीये.

रावसाहेब निगडे


१३ नोव्हेंबर

चि. मिसबा,

हे पत्र आमच्याकडे काम करणाऱ्या कांताबाईंच्या हाती देते आहे. ह्यांना यातलं काही कळता कामा नये. तुला 'तू' म्हणते, रागावू नकोस. बत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे तिशीच्या आतलं कुणीही मला विद्यार्थीच वाटतं.

मी अपशकुन मानते असं ह्यांच्या पत्रांवरून तुला वाटलं असेल. अजिबात मानत नाही. तुझ्या बिलातला टायर मला पहिल्या वाचनातच दिसला होता. पण मला एक कारण हवं होतं आणि ते तू छापून दिलंस.

ह्यांना डाव्या बाजूचं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मार्चमध्येच चिठ्ठीवर लिहून दिलं आहे की वाहन चालवू नये. ती चिठ्ठी मला शब्दकोशात खुणेला घातलेली सापडली. ऑक्टोबरात ह्यांनी शेजारच्या तेजस्विनीची स्कूटर सरावाला घेतली आणि थेट इस्त्रीवाल्याच्या टेबलावर घातली. वर त्यालाच म्हणाले, "टेबल ठेवायची ही जागा आहे का?" तो अठरा वर्षं तिथे आहे.

"तुम्हाला दिसत नाही" असं मी म्हटलं, तर तो माणूस मोडेल. आयुष्यभर डोळ्यांवर जगलेला आहे. ह्या वयात कशाला हवी होती गाडी, कोण जाणे. हौस! म्हणून तुला विनंती, बिल सुधारू नकोस. चुका करत राहा.

काही सुचलं नाही तर 'टायर गंगाजळी' लिही. पुढच्यासाठी राखून ठेवलेला पैसा, असा त्याचा सरळ अर्थ आहे, कुणी बोट ठेवू शकणार नाही. पण शेवटच्या घोटाला तोंडात घालतात ते गंगाजलही त्यात आहे. माझं काम भागेल.

द्वारका निगडे


१४ नोव्हेंबर

आदरणीय काकू,

'गंगाजळी' मला शोधून बघावं लागलं.

काका माझे ग्राहक आहेत आणि तुम्ही त्यांच्या वारस, म्हणजे तुम्हीही बिलावर आहात. मी कुणाचं ऐकू? आत्तापर्यंतच्या चुका माझ्या हातून झाल्या. ठरवून चूक करायची मला सवय नाही. पण इस्त्रीवाल्याचं वाचून गप्प बसवत नाही. एकदा करते. पुन्हा सांगू नका.

पैसे कुठे राहतात असं काकांनी विचारलंय, त्याचं मात्र मी खरं उत्तर देणार आहे. इतक्या दिवसांत हे विचारणारे ते पहिलेच.

मिसबा


अत्तार ऑटो
१८ नोव्हेंबर २०२४

माननीय निगडे काका,

तुमच्या प्रश्नावर चार दिवस विचार केला.

तुमचे पैसे कुठेच राहत नाहीत. ते आजच जातात. तुम्ही पाडव्याला जे दिलंत त्यातून भलत्याच कुणाचे तरी झिजलेले टायर या महिन्यात कारखान्यात गेले. तिथे त्यांचा भुगा करतात, तो रस्त्यात आणि पायपुसण्यांत जातो. तुमचे टायर झिजतील तेव्हा नवीन गाडी घेणारा दुसरा कुणी त्यांचे पैसे भरेल. त्याला तुमचं नाव माहीत नसेल. मी इथे असेन का, याचं वचन कसं देऊ? पण टेम्पो दर महिन्याच्या पाच तारखेला येतो आणि कारखान्याची पोचपावती मी फाइलला लावते. विश्वास नसेल तर वर्कशॉपमागे येऊन बघा.

सुधारलेलं बिल सोबत आहे. यावेळी शब्द विचार करून घातला आहे.

मिसबा अत्तार

(बिलावर : वय : ७६. टायर गंगाजळी : रु. २५०. वारस : सौ. द्वारका.)


बिबवेवाडी
२८ नोव्हेंबर २०२४

श्रीमती मिसबा यांस,

दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी तपास करत होतो.

शुक्रवारी रिक्षाने आपल्या वर्कशॉपमागे येऊन गेलो. आपण बँकेत गेला होतात. वडील कासिमभाई भेटले, चहा दिला. चहा उत्तम होता, पेढ्याचा विषय मी मिटवला आहे. टायरचा ढीग पाहिला. आपला मेकॅनिक संपत प्रत्येक टायरवर खडूने आकडा घालतो आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघतो. दोन ठिकाणी चुकला होता. मी सांगितलं, त्याने मान्य केलं. असा माणूस हल्ली मिळत नाही.

कासिमभाई म्हणाले, "आधी भंगारवाला उचलून न्यायचा साहेब. पुढं कुठं जाळायचा ते आपण कधी विचारलं नाही. ही पोरगी विचारते. डोक्याला ताप आहे, पण आता मलाही भंगारवाल्याला द्यायचा धीर होत नाही." हे आपल्याला ते तोंडावर सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.

'त्याला तुमचं नाव माहीत नसेल' हे आपलं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात चूक सापडली नाही.

आता गंगाजळी. आपलं मराठी चांगलं आहे, पण जी व्यक्ती टायरला अंतिम प्रवासाला पाठवते तिच्या तोंडात दहा दिवसांत हा शब्द येत नाही. माझ्या ओळखीत तो शब्द रोज वापरणारं माणूस एकच आहे. तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी दडवलेल्या नोटांना माझी पत्नी गंगाजळी म्हणते. त्या डब्यात हात घातला, तर किल्ली मिळाली.

किल्ली मिळाल्यावर मी खाली गेलो, गाडीवर बसलो आणि समोर पाहिलं. डावीकडे पार्किंगचा खांब आहे हे मला माहीत आहे. दिसत नव्हता. खांबाला हात लावून खात्री केली, वर आलो आणि किल्ली होती तशी डाळीत पुरली.

द्वारकेने आपल्याला काय लिहिलं असेल ते मी ओळखतो. तिला वाटतं मला हौस आली. तिची थोरली बहीण आक्का हडपसरपलीकडे मांजरी गावात असते. एप्रिलपासून द्वारकेचा गुडघा बसची पायरी चढू देत नाही आणि मांजरी म्हटलं की रिक्षावाले मान फिरवतात. सात महिने दोघींची भेट नाही. आक्काला ती फोनवर सांगते, "गुडघा ठणठणीत आहे गं, वेळच होत नाही." फोन ठेवला की गॅलरीत जाऊन उभी राहते. मी आतून बघतो. ते मला बघवत नाही. म्हणून गाडी घेतली. तिला सांगितलं असतं तर तिने दुकानाची पायरी चढू दिली नसती.

आता मी चालवू शकत नाही आणि हे तिला सांगूही शकत नाही. कशासाठी घेतली होती ते तर नाहीच नाही. गाडी परत घेता येईल का, ते कळवा. हे पत्र फाडून टाकावं.

रावसाहेब


अत्तार ऑटो
३० नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका, आदरणीय काकू,

तुम्हा दोघांना आज वेगवेगळी पाकिटं पाठवली आहेत. दोन्हीत हीच चिठ्ठी आहे.

आमच्याकडून पुन्हा चूक झाली. काकूंचं तेरा तारखेचं पत्र काकांच्या पाकिटात गेलं आणि काकांचं अठ्ठावीस तारखेचं काकूंच्या. पाकिटं चिकटवून झाल्यावर लक्षात आलं. उघडता आली नाहीत, डिंक फार चांगला आहे. या दुकानात चुका होतात, हे तुम्हा दोघांनाही लेखी माहीत आहे.

गाडी परत घेता येईल. पण त्याआधी एक सांगते. स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी छोटी चाकं बसवून मिळतात. आरटीओत तशी नोंद करावी लागते, ती मी करून देईन. गाडी आपोआप उभी राहते, पाय टेकवावा लागत नाही, म्हणजे गुडघ्यावर भार नाही. कुणाच्या गुडघ्यावर, ते मी लिहीत नाही.

मिसबा


४ डिसेंबर

चि. मिसबा,

तुझी चूक मिळाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसून वाचली. मग हे म्हणाले, "तुझ्या पत्रात काही चूक नाही." एवढं कौतुक ह्यांनी लग्न झाल्यापासून केलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या पत्रात आहे. ते सात महिने उशिरा आलंय."

मग मी रडले. हे डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ही तू आधीच वाचली आहेस ना?" मी हो म्हटलं. इतकी भीती वाटत होती मला या प्रश्नाची, आणि हे नुसते हसले. म्हणाले, बरं झालं, सांगायचं राहिलं होतं.

गाडी परत देत नाही. मी चालवणार आहे. लग्नाआधी मोपेडवरून शाळेत जायचे, विसरले नसेन. चाकं कधी बसवतेस?

द्वारकाकाकू


मांजरी
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. मिसबा हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र आक्काच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. कारण दुसरं काही करण्यासारखं नाही.

द्वारकेला परवाना मिळाला, ते तुला संपतने सांगितलं असेलच. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत पंधरापैकी पंधरा. प्रश्नपत्रिकेत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या असं ती म्हणाली. मला बाहेर बसवलं म्हणून, नाहीतर मी तिथल्या तिथे दाखवल्या असत्या.

बिलावर काय छापावं म्हणून तू मागितलेला मजकूर सोबत आहे. उशीर झाला, पण घाईत केलेल्या कामाचं काय होतं ते तुला माहीत आहे. बिलावर असं छाप : 'जुने टायर कारखान्यात पोचवण्याचा खर्च (ऐच्छिक)'. रकाना रुंद कर. वय वर ठेव, वारस पार खाली विम्याच्या चौकटीत टाक आणि मध्ये चांगलं बोटभर अंतर सोड. आमच्या जोडचाकांच्या बिलावर छोट्या टायरचे जादा घ्यायला तू विसरलीस, ते मी परवा कासिमभाईंकडे दिले. ते घेत नव्हते. मी म्हटलं, कुणाचे तरी टायर जायचे थांबलेत, घ्या.

आज सकाळी आठला निघालो. द्वारका पुढे, मी मागे. ताशी वीसच्या वर ती जात नाही. मागून सगळं पुणं हॉर्न वाजवत होतं. हडपसरच्या पुढे एकाने खिडकीतून विचारलं, "आजी, घरी निघालात की यात्रेला?" द्वारकेने गाडी न थांबवता सांगितलं, "बहिणीकडे. तुला बहीण असेल तर तूही जा." मी डावीकडचं काही पाहिलं नाही. उजवीकडच्या पाट्यांत नऊ चुका सापडल्या.

आक्का दारातच उभी होती. पंच्याहत्तरी उलटली आहे, पण नजर खणखणीत. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, बाजूची चाकं हाताने दाबून बघितली आणि मला म्हणाली, "उतरा."

मी उतरलो. वाटलं, चहा असेल. ती माझ्या जागेवर बसली, द्वारकेच्या कमरेला हात घातला आणि म्हणाली, "चल, उसाकडनं जाऊ." आणि गेल्या. सांगून गेल्या नाहीत कुठे ते. दोघींचे फोन इथे ओट्यावर माझ्या शेजारी पडलेत. शेजारचा एकजण मला दोनदा विचारून गेला, कुणाची वाट बघताय म्हणून.

आता सव्वा तास झाला. चहा अजून नाही. पण मी काळजी करत नाही, कारण आत्ता वळणापलीकडून आवाज येतोय. गाडी अजून दिसत नाही. दोघी इतक्या हसतायत की मला त्या आधी ऐकू आल्या.

तुझा,
रावसाहेब काका